बिनचाकाची वाघीण

"नवी दिसतीय," चांदपाशा म्हणाला. "बिलकुल नवी. आत्ता कारखान्यातून निघाली आन् हितं येऊन उभी राह्यली."

"मंग चांगलंच हाय की," पुंजाराम म्हणाला.

"चांगलं कुठलं, पुंजारामभाऊ? तुमीच सांगता, निजामाच्या जमान्यातली वाघीण. सरकी वाह्यली, मीठ वाह्यलं, आपल्या जालन्याची मोसंबी वाह्यली. ऊन खाल्लं, पाणी खाल्लं. मंग हिच्या आंगावर त्याचं कायीच कसं न्हाई? नवरीवानी लालेलाल नटून बसलीय."

काद्राबादमधल्या चांदपाशाच्या पत्रेकामाच्या अरुंद दुकानात, नरसाळी, बादल्या आणि धान्याच्या कोठ्यांच्या गर्दीत, ऐरणीशेजारी हातभर लांबीचा मालगाडीचा डबा उभा होता. रेल्वेतली माणसं अशा डब्याला वाघीण म्हणतात. गोडेतेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा काढलेला, पाइपावर वाकवून छपराला बाक दिलेला. पत्र्याच्या मागून दाभणानं टोचून टोचून रिव्हेटांच्या ओळी उठवलेल्या. घड्याळाच्या मोडक्या स्प्रिंगांच्या पट्ट्या एकावर एक रचून चाकांवरच्या कमानी केलेल्या. चाकं पितळेची, लेथवाल्याकडून मुद्दाम फिरवून आणलेली. बोटानं ढकललं की वाघीण दुकानाच्या फरशीवरून सरळ रेषेत धावत जायची.

पुंजारामानं ती उचलून उजेडात धरली. चांदपाशा म्हणत होता ते खरं होतं. ती पाहिली की कुणीही म्हणालं असतं, वा, काय सुंदर केलीय. पण मालधक्क्यावर उभी असलेली वाघीण पाहून असं कोण म्हणतं?

पुंजाराम रेल्वेत तेलवाला होता. मालगाडी जालन्याच्या यार्डात येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा आणि तेलाची बुधली घेऊन तो तिच्या कडेकडेनं चालू लागे. चाकावर हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. खणखणीत आवाज आला की पुढच्या चाकाकडे. बद्द आवाज आला की चाकाला तडा. मग आसावरच्या पेटीचं झाकण उघडायचं, आत तेलात भिजवलेले सुताचे बोळे कोंबायचे. उभा जन्म त्यानं वाघिणी खालून आणि बाजूनं पाहिल्या. साहेब लोकांना मालगाडी दिसायची, त्याला एकेक वाघीण दिसायची. कुठलीचं दार अडतं, कुठलीच्या पेटीतून तेल गळतं, हे तो लांबून ओळखायचा.

रेल्वेतून मोकळा झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यानं हे काम काढलं. कारण विचारलं तर म्हणायचा, "बसून बसून हातपाय धरून राह्यलेत." मीटरगेजची लहान लाइन तोवर जालन्यातून गेली होती. मोठी लाइन आली, जुने रूळ उखडले, लहान वाघिणी भंगारात निघाल्या आणि गावातल्याच लोखंडाच्या भट्ट्यांत जाऊन वितळल्या. माप घ्यायलासुद्धा एक उरली नव्हती. तो मुद्दाम पूर्णेला गेला. तिथल्या यार्डात लहान लाइन अजून चालू होती. उन्हात दिवसभर दोरी धरून त्यानं एका जुन्या वाघिणीची लांबी, रुंदी, दाराची उंची मोजून घेतली. फुटाला एक इंच, असं धरून घरी पत्रा कापायला बसला. डाग द्यायचं, म्हणजे कथलानं सांधे जोडायचं काम तेवढं येत नव्हतं, ते चांदपाशानं शिकवलं. दोघांची ओळख जुनी, रेल्वेचे कंदील दुरुस्तीला त्याच्याकडेच यायचे तेव्हापासूनची.

"मंग काय करू म्हणता?" त्यानं विचारलं.

"मळवा तिला," चांदपाशा म्हणाला. "पत्रा कुठं सडतो, मला माहीत हाय. पाणी जिथं थांबतं, तिथं. दाराच्या खाली, छपराच्या कडंला. लेकिन हात कुठं लागतो, ते तुमाला माहीत. जिथं हात लागतो तिथं रंग जातो, आन् पत्रा चमकतो. बराबर?"

पुढचे काही आठवडे पुंजाराम वाघीण म्हातारी करत होता. विटेची भुकटी तेलात कालवून त्यानं दाराच्या खालच्या कडेला गंज धरवला. मिठाचं पाणी मारून पत्रा उन्हात ठेवला. पेट्यांखाली काळ्या तेलाचे ओघळ सोडले. दाराच्या कडीजवळचा रंग बोटानं घासघासून उडवला. एका बाजूला, तांबड्या रंगाखालून पुसट पांढरी इंग्रजी अक्षरं दिसतील न दिसतील अशी काढली: एन. एस. आर. निजामाच्या रेल्वेची. ही अक्षरं त्यानं खऱ्या वाघिणीवर पाहिली होती. रंग खरवडताना वरचे थर निघाले आणि ती खालून वर आली होती.

तो रंग त्यानं का खरवडला होता, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

ती वाघीण पुंजारामाचं घर होती.

लग्न होऊन गोजरबाई केदारखेड्याहून जालन्याला आली, तेव्हा तेलवाल्याला क्वार्टर नव्हतं. धावून धावून थकलेल्या काही वाघिणी चाकांवरून उतरवून मालधक्क्यामागं रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर ठेवलेल्या होत्या. त्यांतली एक त्याला मिळाली. गॅसनं पत्रा कापणाऱ्याकडून त्यानं एका बाजूला खिडकी कापून घेतली, बाहेरचा तांबडा रंग खरवडला, आतून चुना मारला. गोजरबाई पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होती, "हिला पेंडीचा वास येतोय." वास पुढं कितीतरी महिने गेला नाही. दोघं त्यात राहिली, तिथंच त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं बेबीनंदा.

बेबीनंदा चार वर्षांची होऊन गेली. त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत, लाइनीवर पुढं कुठल्याशा लहान स्टेशनाजवळ मालगाडी रुळावरून उतरली आणि पुंजारामाला मदतगाडीबरोबर जावं लागलं. निघाला तेव्हा पोरीचं अंग जरा गरम होतं. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा बेबीनंदा नव्हती. माणसांनी तिला मातीसुद्धा दिली होती.

काय झालं, कसं झालं, हे त्याला पॉइंटमनच्या बायकोनं, केशरबाईनं सांगितलं. ताप मेंदूत गेला. गोजरबाईनं पोरीला गावात डॉक्टरकडं नेलं होतं, औषध दिलं होतं. एवढंच. गोजरबाई स्वतः काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि पुढं कधीच नाही. वर्षभरात त्यांना क्वार्टर मिळालं, मग मुलगा झाला, सर्जेराव. तो आता अंकुशनगरच्या साखर कारखान्यात होता, सणावाराला बायकोमुलांना घेऊन यायचा. संसार जसा चालायचा तसा चालला. पण पूर्वी पुंजाराम बायकोला 'नंदाची माय' अशी हाक मारायचा, ती हाक गेली. तिच्या जागी दुसरी आली नाही. सर्जेरावाच्या नावानंही त्यानं कधी तिला बोलावलं नाही. "ऐकलं का," एवढंच म्हणायचा.

त्याला वाटायचं, तिच्या मनात राग आहे. गरम अंगाचं लेकरू सोडून गेला, हा राग. तो रास्तच आहे, असंही त्याला वाटायचं. म्हणून त्यानंही कधी विचारलं नाही.

मोठ्या लाइनीचं काम निघालं तेव्हा मालधक्क्यामागच्या वाघिणी गॅसनं कापल्या. गँगवाल्यांच्या पहारी-फावडी ठेवायला वापरात असलेली त्याची वाघीण एका दुपारी तुकडे होऊन ट्रकमध्ये गेली. पुंजाराम ड्यूटीवर होता. लांब उभा राहून त्यानं पाहिलं. घरी येऊन त्यानं ते सांगितलं नाही. गोजरबाईनं दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलं असणार. त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि आता तो वाघीण करत होता ती घराची नव्हे. चाकं असलेली, इंजिनामागं धावणारी, निजामाच्या अक्षरांची. पोरीच्या आधीची. आतून ती रिकामीच होती. तिच्या आत काय असावं हा विचारच त्यानं केला नव्हता, किंवा आला तर बाजूला सारला होता.

स्टेशनचे रामराव मास्तर एकदा स्टोव्हची टाकी घेऊन चांदपाशाच्या दुकानात गेले, आणि त्यांना वाघीण दिसली. ते तिथंच खाली बसले.

"हे कुणी केलं?"

चांदपाशानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मास्तर स्कूटरवरून पुंजारामाच्या दारात. घर लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, त्याचं स्वतःचं.

"एप्रिलात रेल्वे सप्ताह हाय," मास्तर म्हणाले. "वेटिंग हॉलमध्ये जुन्या मीटरगेजच्या वस्तू मांडून राह्यलो. कंदील हायत, घंटा हाय, टोकन हाय. पण गाडी न्हाई हो! नव्या पोरांनी मीटरगेजची वाघीणच पाह्यली न्हाई. तुमची मधोमध ठेवतो, काचेच्या पेटीत. खाली तुमचं नाव लिहितो."

उभ्या नोकरीत पुंजारामाचं नाव हजेरीशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

"न्यायची तवा सांगा," तो म्हणाला. "आणखी थोडं काम राह्यलंय."

मास्तर गेल्यावर त्यानं वाघीण दुकानातून घरी आणली आणि पुढच्या खोलीत स्टुलावर ठेवली. गोजरबाई ज्वारी निवडत होती. इतके महिने तिनं या कामाकडं पाहिलं नव्हतं. पत्र्याचे तुकडे झाडताना बाजूला सारायची, तेवढंच. आता तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठून स्टुलाजवळ आली.

पुंजारामानं हौसेनं वाघीण बोटानं पुढं ढकलून दाखवली. चाकं फिरली. दार सरकवून दाखवलं.

"आत काय हाय?" तिनं विचारलं.

"आत काय असणार? रिकामी असती वाघीण. माल भरला तर माल."

"आपली हाय का ही?"

तो घुटमळला. "हो. आपलीच. ती अक्षरं नव्हती का..."

"मंग चाकं काढा," गोजरबाई म्हणाली.

त्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"आपण राहत होतो तवा चाकं न्हवती," ती म्हणाली. "खाली लाकडं होती. चाकं असती तर गेलो न्हसतो का कुठं."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे सांगावं, तसा सरळ आवाज होता. ती वाकली आणि बोटानं वाघिणीच्या एका बाजूला दाखवलं. "खिडकी हितं होती. दाराच्या डाव्या अंगाला. तुमी केलीच न्हाई."

"चाकाचंच तर सगळं काम हाय," तो कसाबसा म्हणाला. "मास्तर न्यायला येणार हायत. प्रदर्शनात ठेवणार."

"न्या मंग," ती म्हणाली आणि परत सुपापाशी जाऊन बसली.

दोन दिवस वाघीण तशीच स्टुलावर राहिली. पुंजाराम बाहेर ओट्यावर बसायचा, आत यायचा, तिच्याकडं बघायचा. चाकं त्याच्या जन्माची कमाई होती. पेटीचं झाकणसुद्धा उघडेल असं त्यानं केलं होतं. चांदपाशाला त्यानं सांगितलं तेव्हा चांदपाशा हातातलं काम थांबवून म्हणाला, "भाभी एवढ्या सालांत पहिल्यांदा काही मागून राह्यल्या, आन् तुमी मला विचारायला आले?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं निखाऱ्यावर डाग द्यायची कांब तापवली. एकेका सांध्याला टेकवली. कथील पाघळलं आणि चाक सुटून फरशीवर पडलं. मग दुसरं. गोजरबाई चुलीपुढं होती, आवाज ऐकून ती दारात येऊन उभी राहिली. चारही चाकं निघाल्यावर त्यानं वाघीण एका फळीवर ठेवली. लाकडाच्या पट्ट्या कापून खाली स्लीपर घातले. मग पेन्सिल तिच्याकडं धरली.

"कुठं म्हणली खिडकी?"

ती समोर बसली. तिनं पेन्सिल घेतली नाही, नखानं रंगावर चौकोन ओढला. त्यानं तो कापला. छप्पर सोडवून उचलता येईल असं केलं, म्हणजे आतलं दिसेल. मग ती सांगत गेली आणि तो करत गेला. चूल या कोपऱ्यात. वर फळी, फळीवर पितळी डबा आणि आरसा. दोरी इथून तिथं, लुगडी वाळत घालायची. दुपार झाली तरी ती सांगतच होती. इतकं बोलताना त्यानं तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला सगळं पाठ होतं. तो घरात यायचा जेवायला आणि पाठ टेकायला. त्याला वाघीण बाहेरून ठाऊक होती, आतून ती तिचीच होती.

"आन् ही नंदाची जागा," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"खिडकीखाली, भिंतीला लागून. ताप चढला तवा गाल पत्र्याला लावून पडायची. थंडीचे दिवस, पत्रा बर्फावानी. मी वढून घ्यायची, ती पुन्हा जायची. गार लागतं म्हणायची."

बोललो तर ती थांबेल, असं त्याला वाटलं.

"गाडी आली की डोकं उचलायची. 'बाबा आला?' मी म्हणायची, ही पाशिंजर हाय, तुझा बाबा मालगाडीनं येतो. मंग मालगाडी यायची. पुन्हा डोकं उचलायची. 'बाबा आला?' सकाळपासून तेच. डॉक्टर म्हणले होते, उतरला न्हाई तर उद्या आणा. दिवेलागणीला केशरबाई आली. म्हणली, गोजरे, पोरीचे डोळे बघ. मी बघितले." तिनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "एक मालगाडी आली. तिनं पुन्हा विचारलं. डोकं उचलायची ताकद न्हवती, नुसते व्हट हलले. मंग मी म्हणलं, आला. आला गं तुझा बाबा. नळावर हात धुऊन राह्यलाय. हाताला तेल हाय न्हवं का."

बाहेर कुणीतरी सायकलवरून गेलं. पुंजारामानं आपल्या हातांकडं पाहिलं. ड्यूटीवरून आला की मालधक्क्याच्या नळावर लाकडाचा भुसा घेऊन तो हात घासायचा. तेल निघाल्याशिवाय पोरीला उचलायचा नाही. ती दारात बसून वाट बघायची.

"ती हासली," गोजरबाई म्हणाली. "आन् वाट बघत पडली. मंग म्हणली, 'किती येळ धुतो गं बाबा?'"

तिनं कापलेल्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्याच्यापुढं काही बोलली न्हाई."

खोलीत उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकून भिंतीला लागला होता. पुंजारामानं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी आल्ते तवा मी दारातच होते. तुमाला काही माहीत न्हवतं. तुमी सरळ नळावर गेल्ते आन् हात धुऊन राह्यले होते. किती येळ धुतले!" तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी बघत होते. मला वाटलं, आता ह्यांना काय सांगू. शेवटचं बोलले लेकराशी, ते खोटं बोलले. तिला फसवून पाठवलं मी."

"मला वाटायचं, तुला माझा राग हाय."

"तुमचा?" ती खरंच चकित होऊन त्याच्याकडं बघू लागली. "तुमचा कशाचा राग? तुमी कामावर गेल्ते."

सत्तावीस वर्षं दोघं एकाच घरात शेजारी-शेजारी बसून जेवली होती. त्याला वाटत होतं तिला त्याचा राग आहे, आणि तिला राग होता तो स्वतःचा. पुंजाराम पुढं सरकला. बोलण्यात तो कधीच हुशार नव्हता.

"खोटं न्हाई ते," तो शेवटी म्हणाला. "मी निघाल्तोच यायला. मनानं तर कधीचाच आल्तो."

गोजरबाई रडली. मोठ्यानं, आवाज करून, त्या दिवशी रडायचं राहिलं होतं तशी. त्यानं तिला थांबवलं नाही. ती रडून झाल्यावर त्यानं उठून तिला तांब्यातून पाणी दिलं, आणि उरलेलं स्वतः प्यायला.

पुढचे दिवस ते काम दोघांचं झालं. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा कापून तळहाताएवढी गोधडी शिवली. बारीक धावदोरा, चारी कडांना उलटी घडी, जशी खरी असते तशी. ती खिडकीखाली भिंतीला लागून अंथरली. चांदपाशा एकदा घरी येऊन बघून गेला. त्यानं विचारलं, "भाभी, माणसं ठेवायची का आत? मी करून देतो तारेची." गोजरबाई म्हणाली, "न्हाई भाऊ. गोधडी पुरे." चांदपाशानं मान हलवली. जाताना म्हणाला, "अब बराबर हाय." एवढंच म्हणाला, आणि रोज येता-जाता थट्टा करणारा तो माणूस चहा न घेताच निघून गेला.

वाघिणीच्या बाहेर, फळीच्या कडेला पुंजारामानं एक नळ केला. पितळी तारेचा, खाली सिमेंटचा चौकोन. तो करायला गोजरबाईनं सांगितलं नव्हतं. तिनं तो पाहिला. बोटानं त्यावरची धूळ तेवढी पुसली.

रामराव मास्तर ठरल्या दिवशी दुपारी आले. स्कूटरच्या मागं खोका बांधलेला, आत गवत भरलेलं.

"काय पुंजाराम, तयार हाय ना? पेटीची काचसुद्धा कापून आणली," असं म्हणत ते आत आले, आणि फळीकडं बघून थबकले. "अरे! चाकं कुठं गेली?"

"काढली, साहेब."

"काढली? का? तुटली का?"

"न्हाई. ही चाकाची वाघीण न्हाई. आमी राहायचो ती हाय. मालधक्क्यामागं होत्या न्हवं का, त्यातली. तुमच्या आधीची गोष्ट." पुंजारामानं हात जोडले. "तुमाला जबान दिल्ती. चाकं ठेवलीत मी जपून. पत्रा आणतो. दुसरी करून देतो तुमाला, धावणारी. ही देत न्हाई."

मास्तर जरा नाराज झालेले दिसले. सप्ताह तोंडावर आला होता. "अहो, पण पुंजाराम, मी वर कळवलंय सगळ्यांना..." असं काहीतरी ते मोठ्यानं बोलू लागले. बोलता बोलता ते वाकले, दारातून आत बघायला. चूल दिसली, दोरी दिसली, आरशाचा तुकडा दिसला. खिडकीखालची गोधडी दिसली. ते तसेच वाकलेले राहिले.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

पुंजारामाच्या आधी गोजरबाईच बोलली. "आमच्या लेकीचं. बेबीनंदा नाव होतं तिचं."

मास्तरांनी हळूच मान हलवली. सरळ झाले. चहा आला, तो खाली बसून, कपाचा आवाज होणार नाही असा प्यायले. जाताना दाराशी पुंजारामाला म्हणाले, "सावकाश करा दुसरी. घाई न्हाई." रिकामा खोका पुन्हा स्कूटरला बांधला. आमच्यापाशी राहू द्या म्हणून गवत तेवढं गोजरबाईनं मागून घेतलं, शेजारच्या शेळीला.

पुंजाराम आत येऊन बसला. गोजरबाई कप उचलत होती. तेवढ्यात मोठ्या लाइनीवरून मालगाडी आली. या मालगाड्या लांबलचक असतात, लोखंडी, जड. त्या जाऊ लागल्या की वस्तीतली घरं हलतात. भांड्यांच्या फळीवरची भांडी किणकिणली. वाघिणीखालची फळी थरथरली आणि तिचा पत्रा बारीक आवाजात वाजू लागला.

गोजरबाईनं हातातले कप खाली ठेवले. वाघिणीजवळ बसली, आणि तिच्या छपरावर तळहात ठेवला. दाबून नाही. लेकरू दचकून उठू नये म्हणून ठेवतात तसा. एकामागून एक डबे जात होते. तिनं हात काढला नाही. शेवटचा डबा जाऊन आवाज पार बदनापूरच्या अंगाला विरून गेला, तरी तो तिथंच होता.